पक्का लाल

लढाईच्या दुसऱ्या वर्षी नाल्याला एकच रंग उरला.
आधी मिलच्या मागचं पाणी
कधी जांभळं, कधी हिरवंगार,
उद्या कोणतं यावर आम्ही पोरी चिंचोक्यांची पैज लावायचो.
मग नुसती खाकी. रात्रपाळीलाही खाकी.
म्हशी डुंबून खाकी होऊन वर यायच्या.

तांडापेठेत आमच्या मागाला मात्र लाल हवा.
करवतकाठाचे दात लालच लागतात.
आणि लाल यायचा जर्मनीहून, पत्र्याच्या डब्यात,
डब्यावर एकीकडे सूर्य, एकीकडे पाऊस:
उन्हानं विटणार नाही, पाण्यानं उतरणार नाही.
बाला अक्षर येत नव्हतं, पण एवढं वाचता यायचं.

शेवटचा डबा दिला रोशनलाल साहेबानं.
खरं नाव रोझेनथाल. गाव ब्रेसलाउ. मिलच्या रंगखात्यात.
तिकडे त्याला सांगितलं, तू जर्मन नाहीस, नीघ.
इकडे लढाई लागली आणि सीताबर्डीचा जमादार आला:
तू जर्मन आहेस, चल.
चार महिने अहमदनगरला, तारेच्या आत,
त्याला हाकलणाऱ्यांच्याच पंगतीत.
सुटून आला तो सदरा खुंटीला टांगल्यासारखा.
दर शनिवारी ठाण्यात सही, मग आमच्या ओसरीवर.
मागाचा खटखट ऐकला की झोप लागते म्हणायचा,
आणि खरंच लागायची, बसल्या बसल्या.

मायनं एकदा त्याच्या आईचं नाव विचारलं.
"हेडविग."
"हेडाऊ? मंग आपल्यातलीच म्हना की. बस, भाकर खाऊन जा."

आईला पंचवीस शब्द लिहायची परवानगी होती.
मी कांड्या भरत होते, तो बोटं मोडत होता.
"मी बरा आहे" यात तीन गेले.
"जेवली का ते इचार," माय म्हणाली.
त्यात दोन.
आठ महिन्यांनी जबाब आला: नकाशात नागपूर सापडलं,
डोकं झाकून फिरत जा.
पुढचं पत्र तसंच परत. वर शिक्का.
त्यानं सावकाश मराठी केलं:
पत्ता न ठेवता गेल्या.

बा कितीतरी दिवस तेच धरून बसला.
"म्हातारं मानूस पत्ता न ठेवता जाईन कसं?"
डब्याच्या तळाशी चार चमचे लाल होता,
माझ्या लग्नासाठी राखलेला.
एका रात्री काळ्या कागदाआड कंदील लावून
बानं तो सगळा कालवला.
"कोनाच्या लुगड्याले?" मायनं विचारलं.
"हेडाऊबाईच्या. लढाई संपन तवा पाठवू."

माझं लग्न फिक्या काठावर लागलं.
मी रुसले होते. मांडवात बाशी बोलले नाही.

लढाई संपली. सहा-सात महिन्यांनी एक लिफाफा आला.
त्यात गाडीची तारीख होती, आणि एका गावाचं नाव
जे त्यालाही नीट उच्चारता येईना.
पुढे काही नव्हतं.
तो उठला, फळीवरचा रिकामा डबा घेतला,
कंपनीचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं.
"ह्याच कंपनीनं..." म्हणाला.
वाक्य तिथेच राहिलं.
डबा परत ठेवला, तोंड भिंतीकडे करून.
मायनं नंतर त्यात हळद भरली,
पण सूर्य-पाऊस कधी पुढे फिरवला नाही.

लुगडं त्यानं नेलं नाही.
घडीवर हात ठेवला, काठाचे दात
नखानं मोजले थोडे, आणि म्हणाला, राहू द्या.
मुंबईहून कुठलं जहाज धरलं, ठाऊक नाही.
त्यानंही पत्ता ठेवला नाही.

बा गेल्यावर पेटी माझ्याकडे आली.
दसऱ्याआधी मी ते नऊ वार धुते,
गच्चीवर ऑक्टोबरच्या उन्हात दिवसभर टाकते.
सुना म्हणतात, कोणी नेसत नाही तर धुता कशाला?
संध्याकाळी घडी घालताना
काठ डोळ्याजवळ नेऊन बघते.
इतकी वर्षं झाली.
थोडा तरी उतरायला हवा होता.